पाहुण्या बैलाचा डाग

मी आणि तो बैल एकाच वर्षी या घरात यायला लागलो. दोघांचं माहेर एकच. फरक एवढाच की काम संपलं की बैल माहेरी जायचा, आणि मला मात्र ‘जा बाई चार दिवस’ असं कुणी म्हणत नसे.

खरं तर स्थळ आलं होतं ते बैलाचंच. माझ्या सासऱ्यांच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. उरलेल्याला जोड शोधत ते नदी ओलांडून आमच्या गावात आले. नदी म्हणजे फार मोठं प्रकरण नाही, उन्हाळ्यात शेरडंसुद्धा पाय न भिजवता पलीकडं जातात; पण तिच्या मधोमध महाराष्ट्र संपतो आणि गुजरात सुरू होतो. सासर पेठ तालुक्यात, जिल्हा नाशिक. माहेर समोरच्या काठावर, परराज्यात. भात तोच, नागली तीच, बोलणंही तेच, फक्त सासरच्या गोठ्यामागं गेलं की मोबाईल गुजरातीत स्वागत करतो. मधे एक बुटका पूल आहे, त्याला आम्ही फरशी म्हणतो. मोठा पाऊस झाला की फरशी पाण्याखाली जाते आणि दोन्ही राज्यं आपापल्या जागी गप्प बसतात.

तर सासरे आले. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणायची पद्धत आहे, म्हणून इथून पुढं मामाच म्हणते. मामांनी बाबांचा बैल बघितला. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला, पाठीवर थाप मारून बघितली. मग ओट्यावर बसून चहा घेतला, तो मी आणून दिला होता. माझ्याकडं त्यांनी बैलाच्या निम्मंसुद्धा बघितलं नाही. बाबा म्हणाले, ‘‘घरच्या गायीच्या पोटचा हाय. विकायचा नाय.’’ बाबांकडं तरी कुठं जोडी होती! त्यांच्याकडंही तो एकच. मामा विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘मग सोयरीक करू. एक बैल तुमचा, एक आमचा. सावड घालू.’’ सोयरीक कोणाशी कोणाची, हे बाबांना कळायला थोडा वेळ लागला, असं आई सांगते.

सावड म्हणजे एकमेकांच्या जिवावर शेती. ज्याच्याकडं एकच बैल, त्यानं दुसऱ्या एकबैल्याशी जोड जमवायची. आधी एकाचं रान करायचं, मग दुसऱ्याचं. ‘‘एका बैलाची शेती म्हंजे एका चपलेची वाट,’’ असं मामा म्हणायचे. सावडीचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, त्यामुळं ते कुणी मोडत नाही. आलेला बैल पाहुणा. त्याला आधी वैरण, मग घरच्याला. गोठ्यात त्याची जागा आतली, कोरडी. त्याच्यावर हात उगारायचा नाही, शिवी द्यायची तर ती घरच्या बैलाला द्यायची, पाहुणा समजून घेतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला सकाळी शिळी भाकरी आणि त्याला भिजवलेली पेंड, असं झाल्यावर मी सासूबाईंना विचारलं होतं, ‘‘आत्या, मीपण त्याच घरून आले ना?’’ आत्या म्हणाल्या, ‘‘तू घरची झालीस. तो पाहुणा हाय.’’

सगळ्यात कडक नियम शेवटचा. पाहुणा बैल तुमच्या दावणीला मेला, तर तुमचा बैल सोडायचा आणि त्याच्या मालकाच्या दारात नेऊन बांधायचा. बोलायचं काही नाही. आजवर तशी वेळ आल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण नियम सगळ्यांना पाठ होता.

दोन्ही बैल डांगी. आमच्या डोंगरात हीच जात टिकते. अंगाला तेल सुटतं, पाऊस वरच्यावर निथळून जातो. दोघांचीही अंगं पांढरी, त्यावर काळे शिंतोडे, शिंगं एकाच वळणाची. मामांची नजर चुकली नव्हती, जोड खरंच जमली होती. ओळखायची खूण एकच. माझ्या माहेरच्या बैलाच्या एका डोळ्याभोवती काळा डाग होता, काजळ घालताना कुणाचा तरी हात हलल्यासारखा. आम्ही एकाला घरचा म्हणायचो आणि एकाला पाहुणा. सोप्पं काम.

मग ते लंपीचं साल आलं.

आधी मोबाईलवर आलं. अंगभर गाठी उठलेल्या गायींचे फोटो, त्याखाली ‘पुढे पाठवा’. मामा आलेलं सगळं पुढं पाठवत. आमच्या गावात ठरलं की रोग गुजरातेतून आला. बाबांच्या गावात ठरलं की तो महाराष्ट्रातून आला. दोन्ही गावांनी लंपीला समोरच्या गावचा रहिवासी करून टाकलं. चावणारी माशी मात्र बिचारी दोन्हीकडं जाऊन येऊन होती, तिला कुणी गाव विचारलं नाही.

पाठोपाठ हुकूम आला. बाजार बंद, जनावरांनी हद्द ओलांडायची नाही. फरशीच्या अलीकडं एक होमगार्ड प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. नेमकं त्या वेळी आमच्या भाताच्या खाचरातली, लावणीआधीची चिखलणी आटपली होती आणि जोडी दुसऱ्या सकाळी बाबांकडं जायची होती. पाहुणा आमच्याच गोठ्यात अडकला. पलीकडं बाबांचं शेवटचं खाचर तसंच पडून. त्यांनी भाड्यानं पॉवर टिलर आणला. तो खाचराच्या मध्यावर गेला आणि रुतला. त्याला बाहेर काढायला शेजाऱ्याचे बैल आणावे लागले. आणि आणलेच आहेत म्हणून शेजाऱ्यानं उरलेलं खाचर बैलांनीच करून दिलं. मशीनवाला बांधावर बसून बघत होता.

तेव्हापासून बाबा रोज सकाळी नदीवर यायला लागले. माणसाला यायला बंदी नव्हती, पण पलीकडच्या गावकीनं ठरवलं होतं की दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन आलेल्यानं आपल्या गोठ्यात पाय टाकायचा नाही. बाबांची गाय गाभण, दिवस भरत आलेले. ते पलीकडच्या काठावर उभे राहायचे आणि हाक मारायचे, ‘‘याही, बैल दाखवा!’’ व्याह्याला आमच्याकडं याही म्हणतात. मग मामा कासरा धरून पाहुण्याला काठावर न्यायचे, गोल फिरवायचे, पाठीवर थोपटायचे, ‘‘बघा! खाऊन माजलाय नुसता!’’ बाबा बघून मान हलवायचे आणि जायचे. होमगार्डला ही एक करमणूकच झाली होती.

जनावरांचे डॉक्टर लस घेऊन आले. पाहुण्याचा मान म्हणून पहिली सुई पाहुण्याला. मामांनी विचारलं, लस कसली? डॉक्टरांनी सांगितलं, शेळ्यांच्या देवीची आहे, गाई-बैलांना चालते. मामांचा चेहरा पडला. ‘‘बैलाला शेरडाची लस? उद्या नांगराला जुंपल्यावर में-में केलं तर?’’ डॉक्टर बिचारे सकाळपासून लाथा खाऊन आले होते. ते म्हणाले, ‘‘केलं तर मला बोलवा.’’

पण रोग आधीच अंगात शिरलेला असणार. थोड्याच दिवसांत पाहुण्यानं पेंडीकडं पाठ फिरवली. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, अंग तव्यासारखं तापलेलं. मग मानेवर सुपारीएवढ्या गाठी आल्या, मग पाठीवर, मग पायांना सूज. डॉक्टरांनी सुई दिली, जखमांना लावायला औषध दिलं आणि सांगितलं, वेगळा बांधा, माश्या बसू देऊ नका, खायला घाला. बाकी त्याच्या नशिबावर.

आम्ही त्याला मागच्या पडवीत बांधलं. माझ्या रुखवतातली मच्छरदाणी त्याच्यावर लावली. तशी ती घडीतच पडून होती, माझ्या नवऱ्याला आत गुदमरतं. नवरा नाशिकला, सातपूरच्या कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर घरी येतो. कुणीतरी सांगितलं होतं की विड्याची पानं, मिरी, मीठ आणि गूळ वाटून चाटवायचं. आसपासची सगळी पानं लंपीनं संपवली होती. नवऱ्यानं नाशिकहून पानांची करंडीच आणली. पानवाल्यानं त्याला विचारलं म्हणे, ‘‘लग्न कुणाचं?’’ रोज मी पाटा-वरवंटा घेऊन बसायची आणि कडुनिंबाच्या धुरात आम्ही सगळेच डोळे पुसायचो, त्यामुळं कोण कशानं रडतंय हे कळत नसे.

प्रश्न होता सकाळचा. बाबा येणार आणि हाक मारणार. या बैलाला काठावर न्यायचं कसं? मामा एरवी गावभर आवाज करून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘घरच्याला न्यायचा.’’

आत्या म्हणाल्या, ‘‘आणि डाग?’’

मामांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं चुलीच्या तव्याची काजळी होती, गोडेतेल होतं, आणि शाळेत असताना रांगोळी स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, ‘‘मामा, माझ्या बापाला फसवायला मलाच सांगता?’’

‘‘फसवायचं नाय गं. बरा होईपर्यंत झाकायचं. तुझ्या बापाला आत्ता कळलं तर तो तिकडं जेवायचा नाय.’’ मग म्हणाले, ‘‘आणि मीबी.’’

झालं. घरच्याच्या तोंडासमोर मी वाटी घेऊन उभी, आणि माझ्या मागं उभे राहून मामा सांगताहेत, ‘‘डाव्या डोळ्याला. डाव्या! अजून थोडा खाली. कानाकडं वढ.’’ मी माझ्या डाव्या हाताकडच्या डोळ्याला झकास डाग काढला. आत्या चुलीपुढून बघत होत्या. त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. घरचा मात्र खूश झाला, त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नटवलं होतं.

बाबांनी हाक मारली. मामा घरच्याला घेऊन गेले, मी मागं, जीव मुठीत धरून. बाबांनी बघितलं. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘‘बरा दिसतोय.’’

‘‘बरा म्हंजे? घोडा झालाय!’’ मामा ओरडले.

बाबांनी मान हलवली आणि गेले. घरी येऊन मामांनी दोन कप चहा घेतला. मला हायसं वाटलं आणि लगेच बाबांचा राग आला. ज्या माणसानं बैलाला पोरासारखा वाढवला त्याला काजळी कळू नये? मला त्यांनी कधी नीट बघितलं असेल का, असंही मनात येऊन गेलं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी आधी पाहुण्याचं, मग घरच्याचा शृंगार. एकदा घाट उतरून पाऊस आला तो नेमका मामा बैल फिरवत असताना. डांगी बैलाच्या कातडीवर पाणी टिकत नाही, तिथं काजळी काय टिकणार! मला लांबून दिसलं, डाग ओघळून गालावर यायला लागला. मी ओरडायच्या आत मामांनी काखेतली छत्री उघडली आणि बैलाच्या तोंडावर धरली. स्वतः चिंब. टोपीतून पाण्याची धार नाकावर, आणि तसेच ताठ उभे. होमगार्ड खुर्चीवरून उठला. ‘‘काका, छत्री बैलाला?’’

पलीकडून बाबा बघत होते. ‘‘छत्री कशाला, याही?’’

‘‘डाक्टरनं सांगितलंय!’’ मामांनी ठोकून दिलं. ‘‘लंपीच्या दिवसात डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाय!’’

बाबा म्हणाले, ‘‘बरोबर हाय.’’

दुसऱ्या दिवशी बाबांनी फरशीच्या मध्यावरच्या दगडावर एक इरलं आणून ठेवलं. इरलं म्हणजे पळसाच्या पानांचं आणि बांबूच्या कामट्यांचं, भाताची आवणी, म्हणजे लावणी, करताना बायका डोक्यावरून घेतात ते. ठेवून लांब उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘‘बैलाच्या तोंडावर बांधा. याह्याला पावसात भिजायला नको, वय झालंय.’’ मी ते उचललं आणि मला रडूच आलं. एवढा साधा माणूस, आणि आम्ही त्याला रोज गंडवतोय. ‘‘बाबा, नका येत जाऊ रोज. पाऊस लय हाय,’’ मी म्हणाले. बाबा म्हणाले, ‘‘येतो गं. तेवढाच फेरफटका.’’

घरच्यानं ते इरलं पहिल्याच दिवशी खाल्लं.

पाहुण्याचं मात्र काही खरं दिसत नव्हतं. गाठी फुटल्या, अंगावर खपल्या झाल्या. खाणं दोन घासांवर आलं. मामा दिवसभर त्याच्यापाशी बसायचे, टॉवेलनं माश्या वारायचे. एरवी प्रत्येक भांडणात ते माझ्या लग्नातला फेटा काढायचे. बाबांनी मानाचा म्हणून बांधलेला तो फेटा आखूड निघाला, पंगतीत सुटला आणि त्याचं टोक आमटीत पडलं होतं. त्या दिवसांत त्यांनी फेट्याचं नावसुद्धा काढलं नाही, यावरून काय ते समजा. एकदा मी पानांचा लगदा घेऊन गेले तर ते बैलाशी बोलत होते. ‘‘तू मेलास तर माझा देईन मी, त्याचं काय नाय. पण तू मरू नको. तुझ्यामुळं पोरगी आली घरात.’’ मी तशीच मागं फिरले आणि उगाचच भांडी आपटली.

पोळा जवळ आला. यंदा मिरवणूक नाही, वेस नाही, आपापल्या दारात पूजा, असं दवंडी देऊन सांगितलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि आमंत्रण द्यायचं, ‘आज आवतण घे, उद्या जेवायला ये.’ ते कानात सांगायचं असतं, हळू. बाबांनी पलीकडच्या काठावरून दोन्ही हात तोंडाशी धरून अशी आरोळी ठोकली की झाडावरचे बगळे उडाले. ‘‘आज आवतण घे! उद्या जेवायला ये!’’

मामांच्या हातातला घरचा दचकला. मामा म्हणाले, ‘‘याही, हा काय बहिरा नाय.’’

बाबा म्हणाले, ‘‘नदीचा आवाज लय हाय.’’ आणि मग, ‘‘उद्या मी येतो. पोळ्याला माझ्या हातचा घास चुकला नाय कधी. गाय व्यायली, गोठ्याचं आता पोरगा बघंल. परत जाताना नदीत आंघोळ करीन, कापडं बदलीन. गावकीला सांगितलंय.’’

ते गेल्यावर मामा काठावरच बसले. कारण पाहुणा आदल्या सकाळपासून उठलाच नव्हता. डॉक्टर येऊन गेले होते. म्हणाले होते, ताप उतरलाय, गाठी बसताहेत, रोग हरलाय, पण हा उठला नाही तर पाय कायमचे जातील. कसंही करून उभा करा. आम्ही पोटाखाली गोणपाट घालून, बांबू घालून, शेजारीपाजारी लावून बघितलं. तो मान टाकून पडून राहिला. त्याची इच्छाच संपली होती.

पोळ्याला सकाळी मामांनी घरच्याला न्हाऊ घातलं. झूल, बेगड, गोंडे. शिंगांना लाल ऑइलपेंट. आणि मग, मी नको नको म्हणत असताना, काळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला. ‘‘आज याही जवळून बघणार. काजळी चालायची नाय.’’ त्यांनी माझ्या रोजच्या जागेवर ब्रशनं चकचकीत डाग काढला. बेत असा होता की बाबांना अंगणातच बसवायचं, घरच्याला घास भरवायला लावायचा, पोटभर पुरणपोळी घालायची आणि वाटेला लावायचं. मागच्या पडवीकडं जाऊ द्यायचं नाही. तिथं आत्यांना उभं केलं होतं.

बाबा आले. हातात आईनं दिलेला डबा. अंगणात घरचा नवरदेवासारखा उभा. मामांनी तोंडभर हसून हात केला, ‘‘या याही, हा बघा तुमचा...’’

बाबांनी जाता जाता घरच्याच्या कपाळाला हात लावला. ‘‘तुला लय त्रास झाला रे,’’ म्हणाले, आणि न थांबता सरळ मागच्या पडवीकडं गेले. आत्या बाजूला सरकल्या. अडवायचं नाटकसुद्धा केलं नाही.

मी धावत मागं गेले तेव्हा बाबा मच्छरदाणी वर करून आत बसले होते. पाहुण्याचं डोकं त्यांच्या मांडीवर. खपल्या, टक्कल पडलेली पाठ, सुजलेले गुडघे, सगळ्यावरून त्यांचा हात फिरत होता. पुरणपोळीचा घास पुढं केला. पाहुण्यानं हुंगला. बराच वेळ हुंगला, आणि मग जीभ काढून घेतला. मी तोंडात पदर धरला.

मामा दारात उभे. बाबा त्यांना म्हणाले, ‘‘जू आणा.’’

‘‘जू? अहो आज पोळा. आज खांद्यावर जू ठेवत नाय.’’

‘‘देवाला मी सांगतो. जू आणा, आणि त्या नटव्याला आणा.’’

घरच्याला आणला, झूल-गोंड्यांसकट. बाबांनी त्याला पाहुण्याच्या उजव्या अंगाला उभा केला. जोडीत तो कायम त्याच बाजूला असे. जू घरच्याच्या खांद्यावर ठेवलं आणि दुसरं टोक पाहुण्याच्या मानेवर धरलं, नुसतं टेकवलं. मग तोंडानं तो आवाज केला, आमच्याकडं नांगर धरणारा करतो तो, जिभेनं टाळूवर. घरचा सवयीनं एक पाऊल सरकला. पाहुण्याचे कान हलले. त्यानं पुढचे पाय चाचपले, पडला, परत चाचपले. ‘‘धरा!’’ बाबा ओरडले, आणि आम्ही सगळ्यांनी, आत्यांनीसुद्धा, जिथं हात सापडेल तिथं धरलं. मामांनी शेपटी धरली. पाहुणा थरथरत उभा राहिला. चारही पायांवर. जोडीदार उभा आहे आणि आपण बसलोय, हे त्याच्यानं सहन झालं नसावं.

मग मामांनी टोपी काढली आणि विचारलं, ‘‘कधी कळलं?’’

‘‘पहिल्याच दिवशी. माझ्या बैलाचा डाग डाव्या डोळ्याला हाय. तुम्ही उजव्या डोळ्याला काढला.’’

मी घरच्याकडं बघितलं, मग पाहुण्याकडं. दोघं शेजारी उभे. एकाचा डाग डावीकडं, एकाचा उजवीकडं, आणि मधे जू. इतके दिवस आमच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं. आत्या म्हणाल्या, ‘‘मला दिसलं होतं. मला कुणी इचारलं नाय.’’

मामा लालबुंद झाले. ‘‘मग बोलला का नाय? रोज मला पावसात उभा केलात!’’

बाबा बैलाच्या मानेला हात लावून उभे होते. म्हणाले, ‘‘बोललो असतो तर तुम्ही त्याच दिवशी तुमचा बैल आणून माझ्या दारात बांधला असता. मी वळखतो तुम्हाला. मग माझ्या पोरीच्या घरी काय राहिलं असतं?’’

‘‘मग यायचं कशाला रोज? माहीत होतं तर?’’

‘‘डाग बघायला,’’ बाबा म्हणाले. ‘‘डाग काढलेला दिसला की समजायचो, बैल जिवंत हाय. मेला असता तर तुम्ही कशाला काढला असता? डाग बघायचो आणि घरी जाऊन भाकरी खायचो.’’

मला मोठ्यानं रडू फुटलं. रोज सकाळी मी बापाला फसवतेय म्हणून तोंड चोरत ते काळं बोट फिरवत होते, आणि तेवढ्यावर तिकडं माझा बाप जेवत होता. मामांनीही डोळे पुसले. मग घसा खाकरून म्हणाले, ‘‘ते समदं खरं. पण लग्नातला फेटा आखूडच होता.’’

‘‘होता,’’ बाबा म्हणाले. सोयरीक झाल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदाच कबूल केलं.

थंडी पडल्यावर बंदी उठली. पाहुण्याच्या पाठीवर जागोजागी केस आलेच नाहीत, पण चालायला लागला. त्याला न्यायला बाबा आले, त्या सकाळी मामांनी कासरा त्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘हिलापण न्या चार दिवस. लय पानं वाटलीत तिनं.’’ मी पिशवी घेऊन बैलाच्या मागं मागं फरशी ओलांडली.

माहेरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर नदीवरून आरोळी आली. ‘‘याही! सून दाखवा!’’

बाबा म्हणाले, ‘‘जा, दाखव तोंड. नायतर छत्री घेऊन येतील.’’

मी काठावर गेले. पलीकडं मामा उभे होते, हातात घरच्याचा कासरा. ऑइलपेंट काही केल्या निघत नव्हता. रॉकेल लावून झालं होतं, राख घासून झाली होती. उजव्या डोळ्याभोवतीचा तो डाग इकडून उन्हात स्वच्छ दिसत होता. मामांनी हात वर केला, मीही केला. मग मी परत येऊन उरलेलं अंगण झाडलं.